बैठकीतली वेगळी बाटली

वरूड तालुक्यात संत्रा झाडावरच विकला जातो. फळ अजून हिरवं असतं, तोडीला दोन-अडीच महिने असतात, तेव्हाच व्यापारी बगीच्यात येतो, ओळीओळीतून फिरतो, नजरेनं फळाचा अंदाज बांधतो आणि भाव बोलतो. सौदा ठरला की फळ त्याचं. ओलित, म्हणजे झाडांना पाणी देणं, आणि राखण मात्र तोडीपर्यंत मालकाकडेच राहते. म्हणून व्यापारी झाड जितकं निरखून पाहतो तितकंच मालकालाही पाहतो. विजेची लाइन अवेळी आली तर हा माणूस उठून मोटार सुरू करेल ना, वानरांची टोळी उतरली तर धावेल ना, याचा हिशेब भावात धरलेला असतो. आजारी माणसाच्या बगीच्याला चढा भाव मिळत नाही.

सौदा झाला की बैठक होते. मालक, व्यापारी आणि सौदा जुळवणारा मधला माणूस बाजेवर बसतात, आणि ग्लास भरले जातात. जो पीत नाही त्याला कोणी काही म्हणत नाही. पण काल पिणारा माणूस आज पीत नसला तर सगळे त्याच्याकडे पाहतात.

सुभद्राबाई खेरडे यांना हे सगळं लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. त्यांचे यजमान जानराव बगीच्याचे मालक तर होतेच, पण आसपासच्या गावांत मधला माणूस म्हणूनही त्यांना बोलावणं असे. झाडाखाली उभं राहून, मान वर करून, किती फळ निघेल ते सांगायचे. अंदाज फारसा चुकत नसे. त्यामुळे हंगामात बैठका पुष्कळ, आणि प्रत्येक बैठकीत ग्लास. घरी येऊन त्यांनी कधी भांडण केलं नाही, हात उगारला नाही, कोणाचं देणं केलं नाही. गावात त्यांना दारुडा म्हणणारा कोणी नव्हता. तरी पोळ्याच्या सुमारास पाय सुजले, पोट फुगलं, आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की लिव्हर कडक झालंय, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. यापुढे एक थेंबही नाही.

परतताना मोर्शीला चहासाठी गाडी थांबवली. जानरावांनी चहाचा कप हातात नुसता धरून ठेवला.

"प्रणालीची माय, हे कोणाले सांगू नको."

"काहून?"

"देवरावच्या कानावर गेलं तं तो बगीच्यात पाय ठेवाच्या आधी भाव अर्धा करन. अन् मले मधात कोण बोलावन मंग? बिमार माणसाची नजर कोणाले पायजे?"

मागच्या सीटवर त्यांची मुलगी प्रणाली होती. ती अकोल्याला दिलेली, तिथंच औषधाच्या दुकानात काम करते. ती म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाका न. डॉक्टरनं बंद केली म्हणा. मरत नाही कोणी सांगून."

"तू अकोल्याची झाली आता," जानराव म्हणाले. "तुले इकडचं नाई समजत."

सुभद्राबाई कोणाच्याच बाजूनं बोलल्या नाहीत. पण घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. नवऱ्याला दारू द्यायची नाही, आणि त्याचा ग्लासही रिकामा ठेवायचा नाही.

त्यांना सरबतं येत होती. बचत गटातून वरूडला संत्र्याच्या स्क्वॅशचं प्रशिक्षण झालं होतं, तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो; बी चिरडली, सालाची पांढरी जाळी रसात गेली तर आणखीच कडू. तो दोष आहे, टाळा. सुभद्राबाईंनी आता तो दोष मुद्दाम करायला घेतला. बियांसकट, जाळीसकट संत्री दाबून रस काढायचा आणि झाकून ठेवून द्यायचा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. ते जिभेच्या मागच्या टोकाला कडू लागे. पिणाऱ्याला गोड सरबत का चालत नाही, हे त्यांना त्यातून समजलं. त्याला कडू हवं असतं, घशात जळायला हवं असतं, आणि घोट हळू जायला हवा असतो.

रंगासाठी कोरा चहा केला, पण तो थंड झाल्यावर गढुळला. मग त्यांनी गार पाण्यातच चहाची पत्ती रात्रभर भिजवली. ते पाणी नितळ राहिलं. साखर जाळून तिचा तांबूस पाक त्यात घातला. जळजळीसाठी आल्याचा रस आणि ठेचलेली काळी मिरी, पण मिरी फार वेळ ठेवली की नुसता काढा लागे. वास राहिला होता. एकदा चुलीतला निखारा वाटीत घेऊन त्यावर संत्र्याची वाळलेली साल टाकली, वाटी पातेल्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. धूर आत कोंडला. झाकण उघडल्यावर प्रणाली, जी त्या आठवड्यात माहेरी आली होती, मागे सरकली.

"आई, हे काय करून राहिली तू? दारूचाच वास येते न."

"दारूचा नाई. लाकडाचा येते."

"याले मॉकटेल म्हणतात. शहरात याचे पैसे घेतात लोक."

"घेऊ दे. इथं सरबतच म्हणतात."

जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून तीनदा गाळून त्यांनी ते व्हिस्कीच्या बाटलीत भरलं आणि बाटली खिडकीतल्या उजेडात धरली. मग घरात उरलेली खरी बाटली शेजारी धरली. रंग जमला होता. खरी बाटली त्यांनी मोरीत ओतली.

पहिली बैठक शेजारच्या गावात होती. जानराव पिशवीत स्वतःची बाटली घेऊन गेले. कोणी विचारलं तर म्हणायचं, मले दुसऱ्यानं पित्त होते, मी माझाच माल आणतो. आणि कोणी आग्रहानं ओतलीच, तर ग्लास घेऊन उठायचं, बोलत बोलत धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, जायचं आणि झाडाच्या बुडात सांडून यायचं. दोघांनी हे असं ठरवलं होतं. ते परत येईपर्यंत सुभद्राबाई ओट्यावर बसून होत्या. जानराव आले, शेजारी बसले आणि हसले. "डोमाजीनं वास घेतला ग्लासाचा. म्हणते, जानराव, मस्त माल हाये, कुठून आणला?"

"मंग?"

"म्हटलं, घरची गोष्ट हाये."

तेवढं हसणं पुष्कळ दिवसांनी झालं होतं.

पुढचं वर्ष त्यांचं बरं गेलं. सुभद्राबाईंना आजही त्या वर्षाबद्दल बोलताना दुसरा शब्द सापडत नाही. पायांची सूज उतरली. संध्याकाळ झाली की जानराव स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसू लागले. बैठकीसाठी एक बाटली होती, घरच्यासाठी निराळं काही. उन्हाळ्यात कैरी निखाऱ्यावर भाजून तिचा गर, त्यात पुदिना, काळं मीठ आणि सोडा. कधी बेलाचा गर. कधी मोसंबीत भाजलेलं जिरं आणि हिरवी मिरची उभी चिरून घातलेली. जानराव चाखायचे आणि सांगायचे. याच्यात मीठ जादा. हे चांगलं हाये, पण नाकाले काहीच नाई. झाडावरचं फळ सांगायचे तशाच गंभीरपणे ते ग्लासातलं सांगत. एवढ्या वर्षांत दोघं संध्याकाळी असे समोरासमोर कधी बसले नव्हते. संध्याकाळ बैठकीची असायची.

एकदा सेमाडोहकडचा एक ओळखीचा माणूस वाळलेली मोहफुलं देऊन गेला. सुभद्राबाईंनी ती उकळून, गाळून, लिंबू पिळून सरबत केलं. त्यात काही आंबलेलं नव्हतं. तरी मोहाच्या दारूचाच वास आला, आणि जानरावांनी तोंडाजवळ नेलेला ग्लास खाली ठेवला. मग ते उठून बाहेर गेले ते जेवायलाच आले.

"काय झालं?"

"काई नाई. ते नको करत जाऊ."

त्या रात्री सुभद्राबाईंना पहिल्यांदा वाटलं, की बैठकीच्या बाटलीचंही असंच होत असेल का? लोकांना फसवण्यासाठी केलेला तो वास याच्या नाकाला रोज काय सांगत असेल? त्यांनी विचारलं. जानराव म्हणाले, "ते येगळं. तिथं चार लोक असतात." हे उत्तर पुरेसं नव्हतं. पण हंगाम तोंडावर होता, आणि पहिला सौदा त्यांच्याच बगीच्याचा होता.

देवराव आला तो सकाळीच. वरूडचा व्यापारी, जानरावांच्या शाळेतला, बोलायला मोठ्या आवाजाचा आणि मनानं मोकळा. सुभद्राबाईंना तो वैनी म्हणे आणि घरात शिरताना चप्पल दाराबाहेर काढता काढता काय शिजतंय ते ओळखून दाखवी. दुपारपर्यंत दोघं मित्र ओळींतून फिरले. जानराव सावकाश चालत होते. ते दमले आहेत हे दिसू नये म्हणून मध्येच एखाद्या झाडापाशी थांबून फांदी हातात घेत. सुभद्राबाई लांबून पाहत होत्या. देवरावच्या ते लक्षात आलं नाही. भाव मनासारखा आला, हातावर हात पडला, आणि अंगणात बाज टाकली गेली. या सौद्यात मधला माणूस असलेला डोमाजीही आला. सुभद्राबाईंनी जानरावांची बाटली बाहेर पाठवली आणि कढई चढवली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाज दिसते. हसण्याचा आवाज येत होता. मध्येच जानरावांचा फोन वाजला, ते उठून गोठ्याकडे गेले. देवरावनं आपल्या पिशवीतून एक नवी बाटली काढली. त्याच्या जावयानं बाहेरून आणलेली, बरेच दिवस जपून ठेवलेली. ती त्यानं तिघांच्या ग्लासात ओतली. जानरावांचा ग्लास अर्धा होता. तो त्यानं काठोकाठ भरला. रंगात रंग मिसळून गेला.

सुभद्राबाईंनी ते पाहिलं. गॅस बंद करून, भज्यांची ताटली घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. जानराव परतत होते.

"अवो, ऐकलं का?"

ते जवळ आले.

"देवरावभाऊंनं तुमच्या ग्लासात त्यांची ओतली. मी पायलं."

जानरावांनी बाजेकडे पाहिलं. "सांडतो मी. तू जा."

"नक्की सांडजा."

"जा म्हटलं न. पाहून राहिले ते."

तेवढ्यात देवराव ओरडला, "वैनी, आजच्या दिवस तं सोडा त्याले! सौदा झाला हाये. सालभर तुमच्याच ताब्यात असते!"

डोमाजी हसला. सुभद्राबाईही हसल्या. ताटली जानरावांच्या हातात देऊन त्या आत गेल्या. त्या क्षणी दोन पावलं पुढे टाकून, ग्लास उचलून, हे यांना चालत नाही एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हाही होतं. नुकताच ठरलेला भाव बदलला असता. वर्षभराची गोष्ट उघडी पडली असती. जानरावांची मान खाली गेली असती, तीही मित्रासमोर. त्यांनी कढईखाली पुन्हा गॅस लावला.

पुढच्या वेळी खिडकीतून पाहिलं तेव्हा जानराव बाजेवरच होते. ते धुऱ्याकडे गेले नव्हते. ग्लास निम्म्यावर आला होता. देवराव मांडीवर थाप मारून काहीतरी सांगत होता आणि जानराव, पूर्वी हसायचे तसे, डोळे मिटून हसत होते. मग देवरावनं पुन्हा ओतली. जानरावांनी हात आडवा धरला नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. "पेलो," म्हणाले. "पयला घोट घेतल्यावर मले ठेवता नाई आला." सुभद्राबाईंनी ताट वाढलं. ते जेवले नाहीत.

दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत वाकलेले असताना त्यांना रक्ताची उलटी झाली. गाडीनं मोर्शीवरून अमरावतीला नेईपर्यंत आणखी दोनदा. दवाखान्यात शिरा बांधल्या, रक्त चढवलं. प्रणाली अकोल्याहून थेट तिथं आली. डॉक्टरांना सुभद्राबाईंनी एकच विचारलं, त्या दिवशीच्या पिण्यानं झालं का. डॉक्टर म्हणाले, शिरा आधीच फुगलेल्या होत्या, कधीही फुटू शकत होत्या; पण प्यायला नको होतं. या वाक्याचा कोणता अर्धा भाग धरायचा, ते त्यांनी सुभद्राबाईंवर सोडलं. त्याच आठवड्यात जानराव गेले.

गावात सांगण्यात आलं की पोटाचा आजार अचानक उफाळला. ते खोटं नव्हतं. तेरवी झाली आणि ओलिताची पाळी सुभद्राबाईंवर आली. फळ देवरावचं होतं आणि तोड अजून लांब होती. मुलगी म्हणाली, अकोल्याला चल. त्या म्हणाल्या, पाणी आपल्याकडे हाये. मोटारीचं बटण, लाइनची वेळ, कोणत्या ओळीला किती वेळ, हे त्यांनी आजवर ऐकलं होतं, आता केलं. फळ गळलं नाही.

तोडीच्या दिवशी देवराव स्वतः आला. मजुरांना ओळी दाखवून तो ओट्यावर येऊन बसला. सुभद्राबाईंनी पाणी आणून दिलं. एक घोट घेऊन तो बोलू लागला.

"वैनी, एक गोष्ट सांगू? लोक बिमार पडले का बैठक सोडते. जानरावनं नाई सोडली. शेवटपर्यंत बरोबरीनं पेला गडी. त्या दिवशी तं मनमोकळा पेला. मले तेवढंच समाधान हाये, का मी त्याले चांगली पाजली."

हे तो तेरवीलाही बोलला होता. वरूडच्या बाजारातही बोलत असल्याचं सुभद्राबाईंच्या कानावर आलं होतं. तेव्हा त्या गप्प राहिल्या. गप्प राहिल्या तर देवराव हे समाधान जन्मभर जपेल, आणि त्यात कोणाचं काही बिघडणार नाही, हे त्यांना दिसत होतं. पण तो ते त्यांनाच पुन्हा पुन्हा आणून देत होता, आणि त्यांना ते ठेवायला जागा नव्हती.

"भाऊ, सालभर त्यांनी दारू पेलीच नवती."

"काय म्हणता?"

"ते सरबत होतं. मी करत होती. संत्र्याचा कडू रस, चहाचं पाणी अन् अद्रक. डॉक्टरनं मनाई केली होती. तुमी ओतली तेवढीच पेले."

देवराव हसू लागला आणि अर्ध्यावर थांबला. सुभद्राबाईंचा चेहरा पाहून त्याला काय समजायचं ते समजलं. त्यानं पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला. तो ठेवताना थोडं पाणी सांडलं.

"त्यानं काहून नाई सांगतलं मले?"

सुभद्राबाईंनी पदरानं ओट्यावरचं पाणी पुसलं.

"तुमी काहून नाई सांगतलं, वैनी? तुमी तं तिथंच उभ्या होत्या. भजे घेऊन."

"सांगतलं असतं तं तुमी भाव पाडला असता."

बगीच्यात मजूर बायका क्रेट भरत होत्या. कोणीतरी कोणाला तरी देठ नीट कापायला सांगत होतं. देवराव खोटं बोलणारा व्यापारी नव्हता, आणि या घरात तर नव्हताच.

"पाडला असता," तो म्हणाला. "थोडा पाडला असता." मग मान खाली घालून म्हणाला, "पण पाजली नसती."

"ते मायीत हाये मले," सुभद्राबाई म्हणाल्या.

पहिली गाडी भरली होती. डोमाजीनं फाटकातून देवरावला हाक मारली, मग पुन्हा मारली. देवराव उठला नाही. सुभद्राबाईंनीच हात वर करून डोमाजीला थांबायला सांगितलं.